लफडं चालतं, बोभाटा नाही: रन्वारच्या ‘खेळाच्या नियमां’चं प्रकरण

मराठीत ‘प्रकरण’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. कोर्टात चालतं ते प्रकरण, पुस्तकात असतं ते प्रकरण, आणि ‘त्या दोघांचं काहीतरी प्रकरण आहे’ असं सांगताना आपला आवाज आपोआप खाली येतो, तेही प्रकरणच. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारच्या ‘ल रेग्ल द्यु ज्यू’ म्हणजे ‘खेळाचे नियम’ या चित्रपटाविषयी लिहायला बसलं की हे सगळे अर्थ एकदम कामाला लागतात. पडद्यावर श्रीमंतांची प्रेमप्रकरणं आहेत. पडद्याबाहेर खुद्द चित्रपटाचंच एक प्रकरण झालं. आरोप झाले, शिक्षा झाली, आणि वीस वर्षांनी फेरसुनावणीही झाली.

तारीख 7 जुलै 1939. पॅरिसच्या शाँज-एलिझे या हमरस्त्यावरचं कॉलिझे थिएटर. मुख्य चित्रपटाच्या जोडीला फ्रेंच साम्राज्याचं गुणगान करणारा एक देशभक्तिपर माहितीपट. फ्रेंच राज्यक्रांतीला त्या महिन्यात दीडशे वर्षं होत होती, त्यामुळे हवेतही तेच. मग रन्वारचा चित्रपट सुरू झाला आणि थोड्या वेळात शिट्ट्या, आरडाओरडा सुरू झाला. रन्वारने पुढे आपल्या आठवणींत एका गृहस्थाचं चित्र रंगवलं आहे. त्याने शांतपणे वर्तमानपत्र उलगडलं, काडी ओढली आणि थिएटरच पेटवायचा प्रयत्न केला. रन्वार गोष्टीवेल्हाळ माणूस होता, किस्सा थोडा फुगवला असेल. पण पडेल चित्रपटाला लोक कंटाळतात, जांभया देतात, उठून जातात. पेटवायला निघत नाहीत. एका विनोदी चित्रपटावर माणसं इतकी का भडकली, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न.

दिग्दर्शकाला नाही म्हणणारं कोणी नव्हतं

रन्वार तेव्हा फ्रान्सचा सर्वांत वजनदार दिग्दर्शक होता. चित्रकार ऑग्युस्त रन्वारचा मुलगा, वय 44. 1937 मध्ये ‘ला ग्राँद इल्युझियाँ’ आणि 1938 मध्ये ‘ला बेत युमेन’, असे दोन चित्रपट तुफान चाललेले. पण निर्मात्यांशी घासाघीस करून तो कंटाळला होता. म्हणून त्याने भाऊ क्लोद आणि काही मित्रांना घेऊन स्वतःची निर्मितीसंस्था काढली, आणि ‘खेळाचे नियम’ हा तिचा पहिला चित्रपट. अंदाजपत्रक होतं अडीच दशलक्ष फ्रँकचं. प्रत्यक्षात खर्च पाच दशलक्षांच्या वर गेला.

पैसा कुठे गेला ते पडद्यावर दिसतं. बायकांचे पोशाख पॅरिसची नामांकित वेशभूषाकार कोको शानेलचे. बाहेरचं चित्रीकरण सोलोन्य या तळ्यांच्या आणि जंगलांच्या मुलखात, एका खऱ्या गढीच्या आवारात. 1939 च्या फेब्रुवारीत युनिट तिथे पोचलं तर पाऊस थांबायचं नाव घेईना. दिवसचे दिवस नटमंडळी हॉटेलात बसून, आणि रन्वार त्या वेळात संवाद पुन्हा पुन्हा लिहितोय. गढीच्या आतले दिवाणखाने, जिने आणि लांबच लांब मार्गिका जोआँव्हिलच्या स्टुडिओत उभ्या केल्या. नेपथ्य युजीन लूरिए आणि माक्स दुई यांचं. मार्गिका खोल हव्यात असा रन्वारचा हट्ट होता, कारण एकाच चौकटीत पुढे एक जोडपं कुजबुजतंय, मधे दुसरं भांडतंय आणि पार मागे तिसरा चोरपावलांनी दाराआड होतोय, असं त्याला दाखवायचं होतं. दिग्दर्शनात मदतीला आंद्रे झ्वोबादा आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ. हो, पुढे छायाचित्रकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला तोच.

नटांच्या निवडीतही बरंच घडलं. नायिकेसाठी सिमोन सिमों हवी होती, तिने मागितलेली रक्कम परवडेना. मग रन्वारला नोरा ग्रेगोर भेटली. ऑस्ट्रियन नटी, तिथले माजी उपचान्सेलर राजपुत्र श्टारहेंबर्ग यांची पत्नी, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर देशोधडीला लागलेली. तिचं फ्रेंच अडखळतं, वावर जरा अवघडलेला. रन्वारने ते दोष झाकायच्या ऐवजी भूमिकाच तशी वळवली आणि क्रिस्तीन ही परदेशातून लग्न होऊन आलेली, इथले रीतिरिवाज पुरते न कळलेली बाई झाली. तिचा नवरा मार्की (हा फ्रेंच उमरावांचा एक किताब) रॉबेर द ला शेने म्हणून मार्सेल दालिओ: बुटका, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा, यांत्रिक खेळणी जमवणारा. ऑक्ताव्ह हा सगळ्यांचा मित्र असलेला, कोणाकडेही मुक्काम ठोकणारा जाडा माणूस. ती भूमिका रन्वारला आपल्या मोठ्या भावाला, पिएरला द्यायची होती. तो मोकळा नव्हता. शेवटी रन्वारने अस्वलासारखं अंग सावरत स्वतःच ती केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोण कोणाचं

पहिल्यांदा हा चित्रपट पाहताना मी कागदावर नावं लिहून बाण काढले होते. अर्ध्या तासात कागदाची जाळी झाली.

वैमानिक आंद्रे ज्युरिय एकट्याने 23 तासांत अटलांटिक ओलांडून रात्री ल बुर्जेच्या विमानतळावर उतरतो. गर्दी, दिवे, रेडिओवाली बाई माइक घेऊन पुढे. आणि हा पठ्ठ्या राष्ट्राला उद्देशून दोन शब्द बोलायच्या ऐवजी थेट प्रक्षेपणात म्हणतो की मी हे साहस जिच्यासाठी केलं ती बाई इथे आली नाही, ती बेइमान आहे. क्रिस्तीन शृंगारमेजाशी बसून हे ऐकते. शेजारच्या खोलीत तिचा नवराही ऐकतो. रॉबेर चिडत नाही, उलट समजून घेतो, कारण त्याचं स्वतःचं जनव्हिएव्ह नावाच्या बाईशी जुनं प्रकरण आहे आणि बायको इतकी सरळ आहे हे जाणवून त्याला लाज वाटते. तो जनव्हिएव्हला सोडायचं ठरवतो. ती सोडू देत नाही. मग सगळ्यांनाच कोलिनिएर या जहागिरीवर शिकारीसाठी आठवडाभराचं आमंत्रण जातं: ज्युरिय, जनव्हिएव्ह, ऑक्ताव्ह, एक जनरल, क्रिस्तीनवर डोळा असलेला सँतोबँ, क्रिस्तीनची भाची जाकी जिचा जीव ज्युरियवर आहे, आणि असे बरेच.

खालच्या मजल्यावर हाच खेळ नोकरांचा. क्रिस्तीनची खास दासी लिझेत रानरखवालदार शुमाखरची बायको आहे, पण तिला नवऱ्यापेक्षा बाईसाहेबांची चाकरी प्यारी. शुमाखर एका चोरट्या शिकाऱ्याला, मार्सोला, सशांसकट पकडतो. मार्कीला मार्सो आवडतो, तो त्याला घरात नोकरीला ठेवतो, आणि मार्सो तासाभरात लिझेतच्या मागे.

मराठी वाचकाला हे यंत्र ओळखीचं वाटेल. मालकांची प्रेमं वर, नोकरांची खाली, मधे वेषांतरं आणि गैरसमज. आपल्याकडे देवलांनी ‘संशयकल्लोळ’ रचला तो इंग्रजीतून आलेल्या एका नाटकावरून, आणि त्या इंग्रजी नाटकाचं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरमध्ये. रन्वारही त्याच घराण्याचा. सुरुवात त्याने म्युसेच्या एका नाटकापासून केली होती, मारिव्हो या जुन्या नाटककाराचा अभ्यास केला होता, आणि चित्रपटाच्या आरंभी बोमार्शेच्या ‘फिगारो’ नाटकातल्या ओळी टाकल्या: प्रेमाला पंख आहेत ते भिरभिरण्यासाठीच ना, अशा अर्थाच्या. फाल्गुनरावाचा संशय फिटतो आणि पडदा पडतो. इथे मात्र संशयाच्या हातात बंदूक आहे.

नियम कोणता

चित्रपटाच्या नावातले नियम कुठे लिहून दिलेले नाहीत, पण आपल्या भाषेत ते एका ओळीत बसतात: झाकली मूठ सव्वा लाखाची. लफडं चालतं, बोभाटा चालत नाही. रॉबेरची रखेल त्याच्याच घरी पाहुणी म्हणून येते आणि बायको तिचं स्वागत करते, हे नियमात बसतं. ज्युरियने रेडिओवर खरं बोलणं नियमात बसत नाही. तो आल्यावर पाहुण्यांच्या घोळक्यात कुजबुज सुरू होते, तेव्हा क्रिस्तीन त्याचा हात धरून पुढे येते आणि आमची निखळ मैत्री होती असं छोटंसं भाषण करते. रॉबेर आणि ऑक्ताव्ह दोघेही श्वास रोखून पाहतायत. जमलं! मूठ झाकली गेली. रॉबेर लगेच मोठ्या उत्सवाची घोषणा करतो.

ऑक्ताव्ह या नियमांचा भाष्यकार. एका प्रसंगी तो क्रिस्तीनला म्हणतो की हल्ली सगळेच खोटं बोलतात: औषधांची माहितीपत्रकं, सरकारं, रेडिओ, सिनेमा, वर्तमानपत्रं. मग आपण साध्या माणसांनी तरी का बोलू नये? आणि रॉबेरशी बोलताना त्याच्या तोंडी ते प्रसिद्ध वाक्य येतं: या जगात भयंकर गोष्ट ही आहे की प्रत्येकाकडे आपापली कारणं असतात. हे वाक्य लोक सहिष्णुतेचं सुभाषित म्हणून उद्धृत करतात. मला ते तसं वाटत नाही. ‘भयंकर’ हा शब्द त्यात पहिला येतो. प्रत्येकाची बाजू पटत गेली की कोणालाच थांबवता येत नाही, आणि चित्रपटात नेमकं हेच होतं.

हाका

मधोमध शिकार आहे. पांढरे अंगरखे घातलेले हाकारे हातातल्या काठ्या झाडांवर आपटत ओळीने जंगलातून पुढे सरकतात. ससे सैरावैरा पळतात, तितर फडफडत उठतात. दुसऱ्या टोकाला आडोशाआड शानेलच्या कपड्यांतल्या बायका आणि बंदुका घेतलेले पुरुष. मग चार मिनिटांच्या आत कॅमेऱ्याचे पन्नासएक शॉट. बाकीच्या चित्रपटात कॅमेरा माणसांमागून निवांत फिरतो, इथे मात्र तो तुकडे तुकडे करतो. जनावरं खरी, मरणंही खरं. शेवटचा ससा कोलांटी खातो, पाय आखडतो, आणि कॅमेरा तिथून हलत नाही. आज हे दृश्य पाहताना जीव नकोसा होतो, आणि नुसत्या चित्रीकरणासाठी ते करावं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझं उत्तर नाही असं आहे. पण हे दृश्य काढलं तर चित्रपट उरत नाही, हेही खरं.

कारण शिकार संपल्यावर काय होतं पाहा. कोणीतरी एक छोटी दुर्बीण आणलेली असते, क्रिस्तीन सहज डोळ्याला लावते. खार बघायची असते. खारीच्या पलीकडे तिला नवरा दिसतो, जनव्हिएव्हला मिठीत घेतलेला. तो खरं तर निरोपाचा मुका असतो. जनव्हिएव्ह हट्टाने मागून घेते, रॉबेर सौजन्याने देतो. दुर्बिणीतून निरोप आणि मीलन सारखंच दिसतं. एवढी वर्षं जे सगळ्यांना माहीत होतं ते तिला त्या क्षणी कळतं, आणि तिचीही गाडी रुळावरून उतरते.

बटाट्याची कोशिंबीर

या चित्रपटातला माझा सर्वांत आवडता प्रसंग मात्र शिकारीचा नाही, नोकरांच्या जेवणाचा आहे. तळघरात लांब टेबलाभोवती सगळे बसलेत, मानपानाने, वरच्या मजल्यापेक्षा कडक. बोलणं मालकांच्या कुळावर येतं. मार्कीच्या आजोळात एक रोझेंथाल होता, फ्रँकफुर्टचा, असं निघतं. म्हणजे ज्यू. तेवढ्यात आचारी येतो आणि आपला निवाडा देतो. मार्की उपरा असेल, म्हणतो तो, पण परवा त्याने मला बोलावून बटाट्याच्या कोशिंबिरीवरून झापलं. ती नीट व्हायला बटाटे अगदी चटके बसण्याइतके गरम असतानाच त्यांवर पांढरी वाइन ओतावी लागते. हाताखालच्या पोराने बोटं भाजतील म्हणून ते केलं नव्हतं, आणि मालकाने पहिल्या घासात ओळखलं. तुम्ही काहीही म्हणा, हा खरा खानदानी माणूस.

दोन मिनिटांत रन्वारने फ्रान्सची सगळी उतरंड उलगडून ठेवली. ज्यूद्वेष किती सहज, घरगुती आहे. तो जपणारे नोकरच कसे आहेत. आणि माफी मिळते ती कशाच्या जोरावर, तर चवीच्या. आणखी एक गंमत: ‘ला ग्राँद इल्युझियाँ’मध्ये याच दालिओने जो युद्धकैदी रंगवला होता त्याचं आडनाव रोझेंथाल होतं. तिकडे गोड मानून घेतलेल्या ज्यू नटाला रन्वारने इकडे थेट उमराव केलं.

कुठली नाटकं, हुजूर

उत्सवाची रात्र हा चित्रपटाचा कळस. पाहुणे हौशी नाटुकली करतात. सांगाड्यांचे पोशाख घातलेली माणसं संगीतकार सँ-साँसच्या ‘मृत्युनृत्या’वर प्रेक्षकांत उतरून नाचतात आणि अंधाराचा फायदा घेऊन प्रत्येक जण आपापला हिशेब उरकायला निघतो. रॉबेर आपला नवा यांत्रिक ऑर्गन सादर करतो. दिव्यांनी झगमगणाऱ्या त्या यंत्राशेजारी उभ्या दालिओच्या चेहऱ्यावर अभिमान, लाज, पोरकट आनंद आणि घाम सगळं एकत्र आहे. एवढ्या एका शॉटसाठी रन्वारने पुन्हा पुन्हा टेक घेतले. मला विचाराल तर सबंध चित्रपट त्या चेहऱ्यात आहे: एकही माणूस ज्याला पूर्ण जपता आला नाही, त्याला एक यंत्र मात्र छान जपता आलं.

तेवढ्यात शुमाखरला लिझेत आणि मार्सो एकत्र सापडतात आणि तो पिस्तूल काढून दिवाणखान्यांतून गोळ्या झाडत धावतो. पाहुण्यांना वाटतं हाही कार्यक्रमाचाच भाग. दुसरीकडे ज्युरिय आणि रॉबेर मारामारी करून दमलेले. रॉबेर कारभारी कोर्नेयला ओरडतो, ‘ही नाटकं बंद करा!’ कोर्नेय अदबीने विचारतो, ‘कुठली, हुजूर?’ इतका काटेकोर विनोद मी फार थोड्या चित्रपटांत पाहिलाय.

मारामारी संपल्यावर रॉबेर आणि ज्युरिय एकमेकांचे कोट झटकतात, माफी मागतात, सज्जनासारखे गप्पा मारतात. क्रिस्तीनने ज्युरियला आधीच विचारलेलं असतं: आत्ता, या क्षणी, निघू या? तो म्हणतो, आधी रॉबेरला सांगायला हवं, नियम आहेत. रेडिओवर देशासमोर नियम मोडणारा हा माणूस ऐन वेळी नियम पाळतो आणि तिला गमावतो. ती ऑक्ताव्हकडे वळते. ऑक्ताव्ह क्षणभर भुलतो, बागेतल्या काचघरात तिला थांबवून कोट आणायला आत जातो. लिझेत त्याला अडवते: वय बघा, खिसा बघा, बाईसाहेबांना कसं सांभाळाल? ऑक्ताव्ह आरशात पाहतो. आणि आपला कोट ज्युरियच्या हाती देऊन म्हणतो, जा, ती तुझी वाट बघतेय.

काचघरात क्रिस्तीनच्या अंगावर लिझेतचा टोपीवाला झगा आहे. नोकरीवरून काढून टाकलेले शुमाखर आणि मार्सो, रात्रीच्या दुःखात एकमेकांचे मित्र झालेले, झाडीतून बघतायत. त्यांना ती लिझेत वाटते. कोट घेऊन धावत येणारा माणूस तिचा यार. शुमाखर गोळी झाडतो. मार्सो नंतर सांगतो की ज्युरिय शिकारीतल्या जनावरासारखा कोलमडला.

इथे एक गोष्ट मला दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाहताना लक्षात आली. एवढ्या गोतावळ्यात प्रेम शब्दशः घेणारे पुरुष दोनच: ज्युरिय आणि शुमाखर. एक आकाशातला वीर, एक अल्सासहून आलेला रखवालदार. बाकी सगळ्यांना खेळ कळतो. आणि त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला, ओळखही नसताना, मारलं.

मग रॉबेर पायऱ्यांवर उभा राहतो आणि पाहुण्यांना सांगतो की रखवालदाराला कोणी चोरटा शिकारी वाटला, दुर्दैवी अपघात झाला, बाहेर गारठा आहे, आत चला. सँतोबँ कुत्सितपणे म्हणतो, अपघाताची नवीनच व्याख्या. म्हातारा जनरल त्याला गप्प करतो: नाही, या ला शेनेकडे दर्जा आहे, आणि तो हल्ली दुर्मीळ झालाय. भिंतीवर सावल्या सरकतात. संपलं.

निदान

आता त्या पेटवलेल्या वर्तमानपत्राकडे परत येऊ. रूढ उत्तर असं की श्रीमंतांची टर उडवली म्हणून श्रीमंत चिडले. ते पुरत नाही. श्रीमंतांची टर फ्रेंच रंगभूमी दोनशे वर्षं उडवत होती आणि श्रीमंत पहिल्या रांगेत बसून हसत होते. दुसरं उत्तर राजकीय आहे आणि त्यात बरंच तथ्य आहे. ज्यू नटाला मार्की केलं आणि ऑस्ट्रियन निर्वासित बाईला त्याची मार्कीज, हे उजव्या वर्तमानपत्रांना झोंबलं. रन्वार डाव्यांचा मित्र, त्यामुळे हिशेबही चुकते करायचे होते. पण फक्त उजवे चिडले असं झालं नाही. जे त्याचे आपले होते तेही गोंधळले.

मला वाटतं राग आला तो खलनायक न मिळाल्याचा. उपरोधिका म्हटलं की प्रेक्षकाला एक पाजी हवा असतो, ज्याच्याकडे बोट दाखवून मी तो नव्हे असं म्हणता येतं. इथे रॉबेर गोड आहे, जनव्हिएव्हची कीव येते, शुमाखरचंही चुकलं असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. माणूस मेला आणि दोषी कोणी नाही. दोष असलाच तर त्या सुंदर रीतभातीत, जी थिएटरात बसलेले सगळेच पाळतात. आदल्याच वर्षी म्युनिकचा करार झाला होता. चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला दिला गेला आणि पॅरिसने सुटकेचा निःश्वास टाकला. झाकली मूठ. त्या लोकांना रॉबेरचं शेवटचं भाषण ऐकवणं म्हणजे भर लग्नात जुनं उकरून काढणं. ज्युरियने रेडिओवर जे केलं तेच रन्वारने कॉलिझेत केलं. आणि खेळाचे नियम दोघांनाही सारखेच लागू झाले.

कापाकापी

यानंतर रन्वारने जे केलं त्याला मी या प्रकरणातली खरी चूक म्हणेन. तो घाबरला. वितरकांच्या आग्रहाने चित्रपट आधीच सुमारे दीड तासावर आणला होता. आता प्रेक्षक जिथे ओरडतील तिथे कात्री, असं दिवसेंदिवस चालू झालं आणि लांबी ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांवर आली. सर्वांत जास्त कात्री चालली ती ऑक्ताव्हवर, म्हणजे रन्वारच्या स्वतःच्या प्रसंगांवर. लोकांना आपला चेहराच नको झालाय, अशी काहीतरी शरम त्याला वाटत होती.

पण ऑक्ताव्ह हा चित्रपटाचा सांधा आहे. तोच ज्युरियला आमंत्रण मिळवून देतो, तोच प्रत्येकाची कारणं ऐकून घेतो, त्याच्याच कोटामुळे मरण जागा बदलतं. क्रिस्तीनचे वडील मोठे संगीतकार होते आणि ऑक्ताव्ह त्यांचा शिष्य. रात्री गढीच्या पायऱ्यांवर तो त्यांची नक्कल करतो, अदृश्य वाद्यवृंदासमोर हात उंचावतो, आणि मधेच खचून खाली बसतो. सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या पंगतीत काढलेल्या माणसाची ती कबुली आहे. ऑक्ताव्हला कापत गेलं की उरते ती एका विस्कळीत फार्सची धावपळ. म्हणजे लोक चित्रपट समजत नाही म्हणून ओरडत होते आणि रन्वार तो आणखी न समजण्याजोगा करत होता. संकलक मार्ग्रीत, जी रन्वारशी लग्न न करताच वर्षानुवर्षं त्याचं आडनाव लावत होती, तिला हे करताना काय वाटलं असेल कोण जाणे.

उपयोग काही झाला नाही. तीनेक आठवड्यांत चित्रपट उतरला. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि फ्रेंच सरकारने त्यावर बंदी घातली. तरुणांवर अनिष्ट परिणाम होतो, मनोधैर्य खचतं, या छापाची कारणं. जर्मन आल्यावरही त्यावर बंदी होती. दालिओ 1940 मध्ये पॅरिसहून पळाला. मागे राहिलेल्या पॅरिसच्या भिंतींवर ‘ज्यू कसा ओळखावा’ सांगणारी पोस्टरं लागली, त्यांवर त्याचाच चेहरा होता. त्याचे आईवडील नाझी छावण्यांत मेले. तो स्वतः हॉलिवुडला पोचला आणि ‘कॅसाब्लांका’त जुगाराच्या टेबलाशी उभा दिसला, न बोलावलेल्या आठवणीसारखा. नोरा ग्रेगोर 1949 मध्ये चिलीत वारली. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह 1942 मध्ये दोस्तांच्या बाँबहल्ल्यात जळाली.

फेरसुनावणी

रन्वार अमेरिकेत गेला आणि तिथून 1949 मध्ये बंगालमध्ये आला, ‘द रिव्हर’ करायला. नेपथ्याला तोच युजीन लूरिए, आणि त्याच्या हाताखाली पुढे नावाजलेला कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त. कलकत्त्यात जाहिरात कंपनीत नोकरी करणारा सत्यजित राय चित्रीकरणाच्या जागा शोधायला रन्वारबरोबर हिंडायचा. 1939 च्या पॅरिसने ज्याला पळवलं त्याच्याकडून आपल्याकडची माणसं शिकली, हा या प्रकरणातला आपल्या वाट्याचा योगायोग.

इकडे फ्रान्समध्ये फिल्म क्लबांत तुटक्याफुटक्या प्रिंटवर चित्रपट जगत होता. 1950 च्या दशकात ज्याँ गाबोरी आणि जाक मारेशाल या दोन तरुणांनी हक्क विकत घेतले आणि शोध सुरू केला. कुठे एक प्रिंट, कुठे ध्वनिपट्टी, आणि मग निगेटिव्हच्या तुकड्यांचे शेकडो डबे. रन्वारला विचारत विचारत त्यांनी तुकडे जुळवले. 1959 च्या व्हेनिस महोत्सवात 106 मिनिटांचा चित्रपट दाखवला गेला. पहिल्या खेळाला पॅरिसने जेवढा पाहिला होता त्याहूनही तो लांब होता, म्हणजे रन्वारच्या मनातला चित्रपट प्रेक्षकांसमोर आला तो वीस वर्षांनी. श्रेयनामावलीत तो समीक्षक आंद्रे बाझँच्या स्मृतीला अर्पण केला आहे; बाझँ आदल्याच वर्षी गेला होता. त्यानंतर ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या दर दहा वर्षांच्या जागतिक कौलात 1972, 1982 आणि 1992 असा तीनदा हा चित्रपट दुसऱ्या क्रमांकावर होता. 2022 मध्ये तो तेराव्यावर घसरला. याचंही कोणाला दुःख व्हायचं कारण नाही, उच्चासनावर बसवलेल्या विनोदाला हसताना लोक बिचकतात.

एवढं करून एक प्रसंग सापडला नाही तो नाहीच. ऑक्ताव्ह आणि ज्युरिय यांच्यातली छोटीशी बातचीत, मोलकरणी पुरुषांना का आवडतात याबद्दलची. रन्वारला विचारलं तेव्हा त्याचं म्हणणं पडलं की त्यावाचून फारसं अडत नाही. शेवटी तोही ऑक्ताव्हचाच प्रसंग होता.